मधलं कुठं गेलं?

काल संध्याकाळी इथं गंगाखेडात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर. करणाऱ्यांच्या मनात प्रेम होतं हे मला माहीत आहे, म्हणून स्टेजवर मी काही बोललो नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी माझी ओळख अशी करून दिली : "१९९४ साली ज्यांची कॅसेट मराठवाड्यातल्या रसवंती-रसवंतीवर वाजत होती, असे हे गुणी कलावंत. मुंबईला गेले असते तर आज कुठल्या कुठं असते. पण काय करता, गंगाखेडात अडकले." आणि समोरची माणसं चक्क हळहळली. च्च च्च असा आवाज आला. त्यात माझे विद्यार्थी होते, हे जास्त लागलं.

अडकले. जनाबाईच्या गावात, गोदावरीच्या काठी, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला तुम्ही अडकला म्हणता?

घरी येऊन मोबाईल उघडला तर सत्काराच्या फोटोखाली तेच. निम्म्या लोकांनी अभिनंदन केलंय आणि निम्म्या लोकांनी विचारलंय, "सर, जनाबाईंच्या अभंगांचं काय झालं? २०१९ च्या आषाढीला तुम्ही नवीन रेकॉर्डिंग काढणार असं सांगितलं होतं." एका पोरानं तर लिहिलंय, "निघणार आहे का, की विषय संपला?" त्याच्या वडिलांना मी गाण्याची पहिली, प्रारंभिकची परीक्षा द्यायला लावली होती. पोरावर राग नाही. थोडा आहे. पण प्रश्न चुकीचा नाही, म्हणून आज सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. लांब होईल. ज्यांना वेळ नाही त्यांनी राहू द्या.

१९९४ चा मे महिना. मी, तबलजी आणि माझा पखवाजवाला मित्र परभणीहून एसटीनं रात्रभर बसून मुंबईला गेलो. पेटी मी मांडीवर घेतली होती, टपावर टाकली तर खडखडीनं सूर हलतात. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. आठ अभंग आणि स्टुडिओतली रेकॉर्डिंगची शिफ्ट एकच. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, तीस मिनिटांत चार अभंग बसले पाहिजेत. जनाबाईंचा दळणाचा एक अभंग मी नऊ चरणांचा म्हणायचो, आमच्याकडच्या बाया म्हणतात तसा. दोन चरण झाले नाहीत तोच काचेपलीकडून आवाज आला, "बुवा, एवढा लांब नको. सुरुवातीचं ठेवा आणि शेवटचं 'जनी म्हणे' ठेवा. मधले पाच काढा. लोकांना तेवढंच लागतं. आणि लय जरा उचला."

मी काढले. मी बत्तीस वर्षांचा होतो, शिफ्ट संपत आली होती, बाहेर पुढची पार्टी वाट बघत होती. चार हजार रुपये रोख, पंचवीस कॅसेटी आणि इंग्रजीत टाईप केलेल्या कागदावर सही करून आम्ही परत एसटीत बसलो. फार आनंदात होतो. ते नाकारत नाही.

आमच्या गल्लीत एक मावशी राहायची. नात्यानं कोणी नाही, आईची मैत्रीण म्हणून मावशी. सत्तरीला आलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता, तरी पहाटे उठून जात्यावर दोन शेर ज्वारी दळल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. माझ्या कानावर पहिलं गाणं पडलं ते तिचं. मी शिकलो गुरुजींकडं, पण ऐकलं तिच्याकडं. तर टेपरेकॉर्डर घेऊन मी मोठ्या दिमाखात तिच्या ओसरीवर गेलो. तिनं पदर कानामागं सारला आणि सगळा अभंग मान हलवत ऐकला. संपल्यावर म्हणाली, "गोड म्हणलास रं लेकरा. पन मधलं कुठं गेलं?"

मी म्हणालो, मावशी, कॅसेटीत मावत नव्हतं.

"मंग तेवढ्यात दळन कसं व्हावं?" असं म्हणून ती भाकरी टाकायला उठली.

झालं एवढंच. तिनं मला नावं ठेवली नाहीत. पण तीस वर्षांपेक्षा जास्त काळ उलटून गेला तरी ते वाक्य कानातून जात नाही. दळण संपेपर्यंत गाणं पुरलं पाहिजे, हा तिचा हिशोब होता. माझा हिशोब तीस मिनिटांचा होता.

कॅसेट चालली. कशी चालली ते तुम्हालाच माहीत, जुने लोक अजून सांगतात. त्या दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं : मुंबईला या, वर्षाला चार कॅसेटी करू, महिना ठरलेले सहा हजार. तेव्हा मी एका विनाअनुदानित शाळेत संगीत शिकवत होतो. पहिली नऊ वर्षं पगार मिळाला नाही, हे ज्यांनी तशा शाळेत काढलंय त्यांना सांगायला नको. सहा हजार म्हणजे काय रक्कम होती! बायको म्हणाली, जा. वडील म्हणाले, तुझं तू बघ. भीती वाटत होती का? वाटत होती. आईला सांधेवात होता, चार एकर कोरडवाहू होतं, तेही खरं. पण पत्र हातात घेऊन बसलो की मला काच दिसायची आणि काचेपलीकडचा आवाज. वर्षाला चार कॅसेटी म्हणजे बत्तीस अभंग. बत्तीस अभंगांचं मधलं मी काढणार, आणि तेही स्वतःच्या हातानं.

मी गेलो नाही. ठरवून गेलो नाही. अडकलो नाही. हे शब्द आता माझ्याच भिंतीवर लिहितोय, म्हणजे पुढच्या सत्काराला कोणाला प्रास्ताविक करायचं असेल तर इथून घ्यावं.

मुंबईला गेलेले सगळे बिघडले असं मी म्हणत नाही. आमचा एक गुरुबंधू गेला, कल्याणला घर केलं, चांगली कामं केली, मुलं शिकली. त्याचं बरं झालं. बास.

पण एक सांगा, इथं राहणं म्हणजे वाया जाणं हे तुम्हाला कोणी शिकवलं? अंबाजोगाईजवळच्या आपेगावात राहून शंकरबापू आपेगावकरांनी पखवाज वाजवला, पद्मश्री गावात आली. गायक नाथराव नेरळकर नांदेडला आणि मग औरंगाबादला शिकवत राहिले, आज मराठवाड्यात गाणारा दर तिसरा माणूस त्यांच्या कोणा ना कोणा शिष्याकडून काहीतरी शिकलेला निघेल. आणि माझे गुरुजी! त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. ते पेटी शिकले त्या काळात रेडिओवर पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली बंदी १९७१ साली उठली, तीही अर्धवट. म्हणजे ज्या वयात वादकाचं नाव व्हायचं, ते सगळं वय त्यांच्या वाद्याला रेडिओची पायरी चढायला मनाई होती. ते रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून भजनाला साथ करायचे. त्यांना कोणी विचारलं नाही की गुरुजी, तुमच्या करिअरचं काय. त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. भाता ओढताना त्यांचा अंगठा कधी हलायचा नाही, हे मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

लाईट गेली होती, आता आली. कुठं होतो?

हां. "मधल्या तीस वर्षांत तुम्ही काय केलं?" असंही एकानं विचारलंय. आकाशवाणी परभणीवर गायलो, ऑडिशन देऊन बी-हाय श्रेणी मिळाली, त्याच्यावर गेली नाही. कीर्तनात साथ केली. आणि शिकवलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षांना दर वर्षी पोरं बसवली. काही पहिल्या वर्षात पळाली, काही विशारदपर्यंत गेली. एक मुलगी होती, आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की क्लास बंद, टोळीबरोबर कारखान्यावर, ती परत यायची ते उन्हाळा लागल्यावर. दर वर्षी निम्मं विसरून यायची. तिसऱ्या वर्षी आली तर काही विसरली नव्हती. मी विचारलं, रियाज कुठं केलास? म्हणाली, "मोळ्या बांधताना, सर. आई म्हणायची, म्हण जोरात, म्हणजे झोप येत नाही." भूप राग गायली ती त्या दिवशी. मी पेटीवरचे हात काढून घेतले, नुसता ऐकत राहिलो. आज ती लातूरला मुलांना गाणं शिकवते. काल सत्काराला तिचा फोन आला होता. ती हळहळली नाही. म्हणाली, "सर, दळणाचा नऊच्या नऊ चरणांचा आमच्या पोरांना शिकवलाय." तिला मी कॅसेटीतला कधी शिकवलाच नव्हता.

हे माझं मधलं आहे. हे काढून टाकून १९९४ ची कॅसेट आणि कालची शाल तेवढी ठेवायची, आणि मग म्हणायचं की बिचाऱ्याचं काही झालं नाही!

शालीवरून आठवलं. काल माझ्यासोबत तबल्याला पोरगा होता, पालमहून मोटारसायकलवर आला होता. दोन तास वाजवलं त्यानं. मला शाल दिली, पण त्याला पेट्रोलचे पैसे द्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. कलावंताबद्दल एवढी हळहळ असेल तर ती तिथं दाखवा. साथीदाराला पाकीट द्या, मला शाल दिली नाही तरी चालेल. हे मी रागानं लिहितोय आणि रागानंच वाचा.

आणखी एक राग आहे, तोही सांगून टाकतो. मागच्या वर्षी मी घरात बसून, माझ्या पेटीवर, माझ्या आवाजात, माझीच चाल गायलो आणि व्हिडिओ टाकला. दोन तासांत आवाज बंद. निरोप आला की यातल्या संगीताचे हक्क दुसऱ्याकडं आहेत. शब्द जनाबाईंचे, सातशे वर्षांपूर्वीचे. चाल माझी. पण १९९४ च्या त्या कागदावर सही पण माझीच. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा आता सहज लिहून देता येत नाही, हे चांगलं झालं. पण माझ्या सहीची शाई त्याच्या अठरा वर्षं आधी वाळली. तरुण पोरांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आता नवीन अभंगांचं. अकरा अभंग आहेत. सहा झालेत. का लागतोय वेळ ते ऐका, मग उशीर म्हणा.

हे गाणं जात्यावरच करायचं असं मी ठरवलं होतं. पहिल्यांदा स्टुडिओत गेलो, संभाजीनगरला. चांगला स्टुडिओ, चांगला मुलगा. त्यानं कानात क्लिक दिली, ठक ठक ठक. त्या ठोक्यावर मी गायलो आणि मागं जात्याचा आवाज जोडला. घरी येऊन ऐकलं आणि मावशी आठवली. जात्याची लय ठोक्यासारखी नसतेच. खुंटा पुढं ढकलताना जोर लागतो, अंगाकडं ओढताना तो सुटतो, म्हणून फेऱ्याचा एक अर्ध जड आणि एक अर्ध हलकं. मधेच बाई वैरण, म्हणजे मूठभर दाणे जात्यात घालते, तेव्हा हात थांबत नाही पण सैल होतो, आणि नेमका तिथंच ओळीचा शेवट येतो, तिथंच श्वास. वैरण घातली की आवाज खाली बसतो, दाणे सरले की दगडावर दगड घासून तो वर चढतो. हे सगळं ठकठकीत कुठं बसवणार? ते सगळं रेकॉर्डिंग मी टाकून दिलं. पैसे गेले.

मावशी २००३ साली गेली. तिचं जातं तिच्या सुनेनं जपून ठेवलंय, दर दोन वर्षांनी टाकी लावून, म्हणजे दगडाला टाके पाडून घेते. लग्नाच्या हळदीला अख्ख्या गल्लीला तेच जातं लागतं. या वहिनींना सासूच्या ओव्या, अभंग सगळं येतं. त्यांना मी विनंती केली, तुम्ही दळा आणि तुम्हीच म्हणा, मी फक्त मागं पेटी धरतो. पेटी घेऊन बसलो तर वहिनींचा सूर काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत. पेटीत तो सूरच नाही. लोक म्हणाले, त्यांना सांगा थोडं वर घ्यायला. सत्तरीच्या बाईला, जी पन्नास वर्षं त्या सुरात दळतेय, तिला मी सांगू की तुझा सूर चुकलाय?

गुरुजींची जुनी पेटी होती माझ्याकडं. एकोणचाळीस पट्ट्यांची, खर्ज-नर, म्हणजे दर पट्टीला दोन पत्त्या, एकूण अठ्ठ्याहत्तर सूर. ती उघडली. पितळी पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली तर चढतो. जास्त घासली की पत्ती जाते. एकेक पत्तीखाली ब्लेड सरकवायचं, बारीक कानशीनं दोन हात मारायचे, परत बसवायची, भाता ओढून ऐकायचं. वहिनी शेजारी धान्य निवडत बसायच्या आणि मधेमधे सूर द्यायच्या. अडीच महिने लागले. चार पत्त्या मोडल्या, त्या मागवाव्या लागल्या. पण आता ती पेटी त्यांच्या सुराला आणि त्या जात्याच्या घरघरीला मिळालीय. ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची राहिली नाही. गुरुजी असते तर रागावले असते का, हे मी बरेच दिवस मनात घोळवलं. मला वाटतं, नसते रागावले.

मग २०२१ चा एप्रिल. पखवाजवाला मित्र गेला. १९९४ ला मुंबईच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेला तो. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी वाजवलं होतं म्हणे त्यानं. त्याच्या मुलानं नंतर खोळ काढली तर डाव्या पुडीवर वाजवण्यापुरती लावतात ती कणीक तशीच, वाळून तडकलेली. तो कधीच कणीक ठेवून उठत नसे. त्यानंतर दीड वर्ष मी या कामाला हात लावला नाही. लावता आला नाही. ज्यांना हा आळस वाटतो त्यांना वाटो. आता या अभंगांत पखवाज नाही. दुसरा कोणी बसवायचा नाही असं ठरलंय.

मागच्या दिवाळीत वहिनी अंगणात घसरल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी खुंटा धरवत नव्हता. उन्हाळा तसाच गेला. मी रोज संध्याकाळी विचारायला जायचो आणि त्या म्हणायच्या, "भाऊजी, तुम्हाला घाई हाय का?" मी म्हणायचो, नाही. खरं तर होती. त्रेसष्ट पूर्ण झालेत, घाई कशी नसेल.

परवा एका चाहत्यानं सुचवलं, तोपर्यंत मुखडा तरी टाका सर, रीलला तीस सेकंद पुरतात. त्याचा हेतू चांगला होता. पण बाबा रे, तीस मिनिटांसाठी एकदा मी मधलं काढलं. आता तीस सेकंदांसाठी काय काय काढू?

तेव्हा उत्तर असं. विषय संपलेला नाही. सहा झाले, पाच राहिलेत, त्यात तो दळणाचा नऊ चरणांचा आहे, तो मुद्दाम शेवटी ठेवलाय. कंपनीला देणार नाही. झाल्यावर फुकट टाकीन, ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा. तारीख सांगणार नाही, एकदा सांगितली तेव्हा काय झालं ते बघितलंत.

आणि विषय संपला का विचारणाऱ्या पोरा, तू खरंच ये. परवा पहाटे साडेचारला मावशीच्या ओसरीवर आम्ही बसतोय. पाच-सव्वापाचला गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी सुरू होतात, त्याच्या आत आटपावं लागतं. रेकॉर्डिंगवाला परभणीहून आदल्या रात्रीच मुक्कामाला येतोय. चप्पल बाहेर काढ, मोबाईल बंद कर. वहिनींचं मनगट अजून पूर्ण बरं नाही, मधेच खुंट्याला दुसरा हात लागतो. तुझा लागेल. येताना दोन शेर ज्वारी घेऊन ये, निवडून आण.